घरात गडद नारिंगी रंग देताना: भिंत निवडण्यापासून शेवटच्या हातापर्यंत

परभणीतील आमच्या घराची बैठक काही वर्षांपूर्वी आम्ही चारही बाजूंनी नारिंगी करून घेतली होती. शेड कार्डवरचा बोटभर तुकडा दुकानात इतका प्रसन्न दिसला की दुसरा विचार मनात आलाच नाही. रंग वाळल्यानंतर पहिल्याच संध्याकाळी आत्या दारात थबकल्या आणि म्हणाल्या, "भिंत अंगावर यायलीय की गं!" त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. उष्ण रंगाची भिंत आहे त्यापेक्षा जवळ असल्यासारखी भासते, आणि दहा बाय दहाच्या खोलीत एका भिंतीवरून उसळलेला नारिंगी उजेड समोरच्या नारिंगी भिंतीवर पडतो, तेथून परत येतो आणि प्रत्येक फेरीत अधिकच गडद होत जातो. त्या आठवड्यातच आम्ही तीन भिंती पुन्हा पांढरट करून घेतल्या आणि मजुरी दुप्पट मोजली. चौथी भिंत मात्र तशीच ठेवली, आणि आज घरात येणारा प्रत्येक जण तिचेच कौतुक करतो.

म्हणून नारिंगी रंग टाळा, असे मी सांगणार नाही. तो कोठे, किती आणि कोणत्या क्रमाने द्यावा, हे प्रथमच रंगकाम करून घेणाऱ्यांसाठी येथे लिहीत आहे.

आधी उजेड पाहावा

रंगाच्या दुकानात जाण्यापूर्वी एक संपूर्ण दिवस आपल्या खोलीत उजेड कसा फिरतो ते पाहावे. उत्तरेकडे खिडकी असलेल्या खोलीत बहुतेक वर्षभर थेट ऊन येत नाही. तेथे आकाशाचा थंड, किंचित निळसर उजेड असतो आणि अशा खोलीत नारिंगी रंग सर्वांत चांगला खुलतो. पूर्वेकडच्या खोलीतही तो सकाळी छान दिसतो. पश्चिमेकडे खिडकी असेल तर मात्र विचार करावा लागतो, कारण दुपारी तीननंतरचे ऊन स्वतःच पिवळट-तांबूस असते आणि ते नारिंगी भिंतीवर पडले की भिंत पेटल्यासारखी दिसते. मे महिन्यात बाहेर पारा ४२ अंशांच्या पुढे असताना असे दृश्य कोणालाही नको असते.

येथे नवख्यांची एक चूक हमखास होते. पश्चिमेचे ऊन पश्चिमेच्या भिंतीवर पडत नाही, ते तिच्या समोरच्या, म्हणजे पूर्वेच्या भिंतीवर पडते. टाळायची ती भिंत हीच. उलट, ज्या भिंतीत खिडकी आहे ती भिंत उजेडाकडे पाठ करून उभी असते, त्यामुळे तिच्यावर दिलेला गडद नारिंगी रंग दिवसा तपकिरी दिसू लागतो. तपकिरी म्हणजे तरी काय, उजेड कमी मिळालेला नारिंगीच. माझ्या अनुभवात खिडकीच्या भिंतीला काटकोनात असलेली भिंत सर्वांत योग्य ठरते, कारण तिच्यावर उजेड तिरपा आणि सौम्य पडतो.

आपल्या भागात आणखी एक भिंत यादीतून आधीच वगळावी, ती म्हणजे खिडकीत कूलर बसवलेली. मार्च ते जून कूलरचा ओलावा आणि बोअरच्या जड पाण्याचे शिंतोडे त्या भिंतीवर येत राहतात, पाणी वाळले की क्षारांचे पांढरे ओघळ उरतात, आणि पांढरट भिंतीवर न दिसणारे हे ओघळ नारिंगीवर लांबूनही दिसतात.

नारिंगी रंगामुळे खोली तापते का, असे पुष्कळ जण विचारतात. खोलीतील उष्णता मुख्यतः वरच्या स्लॅबमधून आणि उन्हात तापलेल्या बाहेरच्या भिंतींतून येते. आतल्या एका भिंतीच्या रंगाने तापमानात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. फरक पडतो तो मनाला वाटण्यात, आणि तोही दुर्लक्ष करण्यासारखा नाही. खरोखर उकाडा कमी करायचा असेल तर गच्चीला पांढरा रंग द्यावा, आतली भिंत हवी तशी रंगवावी.

कोणती जागा

साडीचे अंग आणि पदर यांचा हिशोब येथे उपयोगी पडतो. पदर भरजरी असला तरी चालतो, कारण अंग शांत असते. खोलीतही एकच भिंत पदरासारखी धरावी. बैठकीतील दिवाणामागची किंवा टीव्हीसमोरची भिंत, जिन्याची उंच भिंत, दारातून आत येताच समोर दिसणारी लहानशी जागा, या नारिंगीसाठी उत्तम जागा होत. टीव्ही ज्या भिंतीवर आहे तीच रंगवली तर सतत नजरेसमोर राहून डोळे शिणतात, म्हणून मी तिच्या समोरची भिंत सुचवते.

जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात राहणाऱ्यांना तर संपूर्ण भिंतीचीही गरज नाही. ढाळजेतील (दाराजवळच्या ओसरीतील) कोनाडे आणि देवळ्या आतून नारिंगी आणि बाहेरची भिंत चुन्याची पांढरी ठेवली, तर भिंतीची जाडी उठून दिसते आणि सागवानी खांबांनाही शोभा येते. आपल्याकडे पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशी गेरूचा पट्टा ओढण्याची रीत जुनीच आहे. तोच पट्टा दोन-अडीच फूट उंचीचा आणि नारिंगी केला, तर भाड्याच्या घरातही हा प्रयोग थोड्या खर्चात होतो.

झोपण्याच्या खोलीत गडद नारिंगी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. द्यायचाच असेल तर उशामागच्या भिंतीला द्यावा, म्हणजे निजल्यावर तो समोर येत नाही. तसे केल्यास केसांच्या तेलाचा डाग नेमका तेथेच पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

नेमका कोणता नारिंगी

पेंटरला "भगवा द्या" किंवा "केशरी द्या" असे कधीही सांगू नये. वारीतील पताकेचा भगवा वेगळा, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यावरील निशाणाचा केशरी वेगळा, मारुतीचा शेंदरी वेगळा, आणि फाल्गुनात पानगळीच्या रानात पेटलेल्या पळसाचा आणखी वेगळा. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापला रंग असतो. कंपनीचे नाव आणि शेडचा क्रमांक एवढीच भाषा दुकानात चालते.

निवड सोपी व्हावी म्हणून नारिंगीचे दोन गट मानावेत. पहिला मातकट नारिंगी: गेरू आणि पिवळी माती यांच्या वळणाचा, विटेच्या किंवा कौलाच्या जवळ जाणारा. या छटांमध्ये बहुधा लोहाच्या ऑक्साइडचे रंगद्रव्य असते. ते उन्हात सहसा विटत नाही आणि खालचा रंगही चांगला झाकते. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रकारांनी तांबडी आणि पिवळी माती वापरली, आणि सुमारे दीड हजार वर्षांनंतरही ते तांबडे-पिवळे रंग ओळखू येतात. दुसरा गट चटक नारिंगीचा: झेंडूसारखा, फळासारखा. याच्यात सेंद्रिय रंगद्रव्ये असतात, दिसायला तो अधिक जिवंत असतो, परंतु तो पातळ झाकतो आणि थेट उन्हात लवकर फिका पडतो. भिंतीवर ऊन येत असेल तर मातकट, सावलीची भिंत असेल तर चटक, एवढा नियम पाळला तरी पुढील पस्तावा बराचसा टळतो. दोन छटांमध्ये अडखळल्यास कार्डावरील एक पायरी फिकी किंवा मळकट छटा घ्यावी, कारण मोठ्या भिंतीवर प्रत्येक रंग कार्डापेक्षा तीव्र वाटतो.

पुठ्ठ्यावरचा नमुना

ही पायरी आम्ही गाळली होती. निवडलेल्या दोन-तीन छटांचे दुकानात मिळतील ते सर्वांत लहान डबे घ्यावेत. पंख्याच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा दोन बाय दोन फुटांचा पुठ्ठा कापून त्याला आधी पांढरा प्राइमर (रंगाखालचा पायाचा थर) आणि मग रंगाचे दोन हात द्यावेत, पण चारही कडांना दोन बोटे पांढरी जागा सोडावी. जुन्या भिंतीच्या रंगाचा डोळ्यांवर परिणाम होऊ नये यासाठी ही पांढरी चौकट आवश्यक असते. पुठ्ठा भिंतीला टेकवून सकाळी, भर दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री दिव्यात पाहावा, आणि किमान दोन दिवस पाहावा. ओला रंग व वाळलेला रंग यांत फरक असतो, म्हणून पूर्ण वाळल्याशिवाय निर्णय करू नये.

रात्रीची परीक्षा सर्वांत कठीण. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० केल्विनच्या पांढऱ्याशुभ्र एलईडी ट्यूब असतात (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर). त्यांच्या उजेडात तांबडा अंश कमी पडत असल्याने नारिंगी निस्तेज आणि थोडासा मळका दिसतो. ३००० ते ४००० केल्विनचा दिवा लावून तोच पुठ्ठा पाहिला तर रंग पुन्हा जिवंत होतो. दिव्याच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. कधी कधी शेड बदलण्याऐवजी ट्यूब बदलणे स्वस्त पडते.

पुठ्ठा जमिनीशी टेकवून फरशीबरोबरही पाहावा. आपल्या घरांतील शहाबादी फरशी निळसर राखाडी असते, आणि निळा हा नारिंगीचा समोरासमोरचा रंग असल्यामुळे दोघे एकमेकांना उठाव देतात. शहाबादी जुनी वाटते म्हणून ती काढून टाकण्याच्या बेतात असलेल्या दोन घरांत मी नारिंगी भिंतीचा पुठ्ठा फरशीशी धरून दाखवला, आणि दोन्ही ठिकाणी फरशी राहिली. स्वयंपाकघरात काळ्या कडप्प्याच्या ओट्यामागेही नारिंगी शोभतो. तांबूस पॉलिश केलेले सागवानी फर्निचर मात्र नारिंगीसमोर विरघळून जाते. अशा घरात मधे कोऱ्या मांजरपाटाचा पडदा, पांढरट चादर किंवा मोरपंखी उशी यांसारखा काही तरी वेगळा रंग आणावा. उरलेल्या तीन भिंतींना नीळ मारल्यासारखा पांढराशुभ्र रंग न देता किंचित पिवळसर पांढरा द्यावा.

भिंतीची तयारी

गडद रंग भिंतीचा एकही दोष पोटात घालत नाही, त्यामुळे खरा वेळ येथे द्यावा लागतो.

मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि पाया पुरेसा खोल नसेल तर तिच्याबरोबर घरही किंचित हलते. दारांच्या चौकटींच्या कोपऱ्यांतून निघणाऱ्या तिरप्या भेगा याच्या असतात. पांढऱ्या भिंतीवरची केसाएवढी भेग कोणाच्या लक्षात येत नाही. नारिंगी भिंतीवर तीच भेग उघडली की आतली पांढरी पुट्टी रेघेसारखी डोकावते. भेग पत्र्याच्या (पुट्टी ओढायच्या पात्याच्या) टोकाने इंग्रजी व्ही अक्षरासारखी थोडी रुंद करावी, आतील धूळ ब्रशने काढावी, लवचिक क्रॅक फिलर भरावा आणि मगच वरून पुट्टी ओढावी. साधी पुट्टी थेट भेगेत भरल्यास पुढच्या उन्हाळ्यात भेग परत दिसेल. दरवर्षी रुंदावत जाणारी किंवा आरपार गेलेली भेग हे रंगाऱ्याचे काम नाही. ती आधी अभियंत्याला दाखवावी.

दुसरा शत्रू लोणा. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत रंग फुगला असेल आणि हात लावताच पांढरी भुकटी पडत असेल, तर जमिनीतील ओल क्षारांसह वर चढत आहे असे समजावे. त्यावर कितीही महाग रंग दिला तरी तो सोलून निघणारच. ओलीचे मूळ बंद केल्याशिवाय, म्हणजे नळाची गळती, बाहेर साचणारे पाणी किंवा न्हाणीची निकामी फरशी दुरुस्त केल्याशिवाय, त्या भिंतीला हात लावू नये. नवीन गिलावा असेल तर पाणी मारणे थांबल्यानंतरही तो पूर्ण सुकेपर्यंत थांबावे. ओल्या सिमेंटमधील अल्कली काही लाल-नारिंगी रंगद्रव्ये जाळते आणि भिंतीवर फिके ढग उमटतात. अल्कली सहन करणारा प्राइमर वापरावा आणि घाई करू नये.

जुन्या चुन्याच्या भिंतीवर थेट प्लास्टिक पेंट बसत नाही. ओला हात फिरवून पांढरे लागते का पाहावे; लागत असेल तर सुटा चुना खरवडून, भिंत धुऊन, वाळवून मगच पुट्टी घ्यावी. पुट्टीचे दोन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हात वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावे. घासून झाल्यावर रात्री भिंतीला लागून टॉर्च आडवी धरावी. दिवसा न दिसलेले उंचवटे आणि पत्र्याच्या रेघा सावल्यांसह उघड होतात. त्या ठिकाणी पेन्सिलीने खूण करून सकाळी दुरुस्ती करावी. या एका युक्तीने आमच्या पेंटरकाकांनाही चकित केले होते.

पॉलिश पेपरने घासताना नाक-तोंड झाकावे. दारे-खिडक्यांवर जुना नारिंगी, पिवळा किंवा लाल ऑइल पेंट असेल तर अधिक सावध राहावे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) अधिक नसावे असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या चटक पिवळ्या-नारिंगी रंगांत शिशाची संयुगे वापरली जात असत. असा जुना थर कोरडा घासू नये. पाणी लावून ओला घासावा, मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीपासून दूर ठेवावे आणि निघालेला चिखल अंगणात न टाकता बांधून वेगळा ठेवावा. नवीन डबा घेतानाही त्यावर शिशाविषयीचा मजकूर वाचून घ्यावा.

रंग किती आणि हात किती

चटक नारिंगीच्या डब्यात पांढऱ्या रंगातील झाकणारे टायटॅनियम डायऑक्साइड जवळजवळ नसते, म्हणून तो दोन हातांत भिंत झाकत नाही. तीन हात धरून चालावे, कधी चारही लागतात. यावर उपाय म्हणजे पांढऱ्या प्राइमरनंतर एक हात फिक्या, पीचसारख्या मातकट छटेचा द्यावा. त्यावर महागड्या नारिंगीचे दोन हात पुरतात. पेंटर ही गोष्ट सांगतीलच असे नाही, आपण विचारावी.

हिशोब असा. बारा फूट लांब आणि दहा फूट उंच भिंत म्हणजे १२० चौरस फूट. डब्यावर दोन हातांत एक लिटरला १०० चौरस फूट असे लिहिले असेल, तर दोन हातांना सव्वा लिटर आणि तीन हातांना पावणेदोन लिटरच्या आसपास रंग लागेल. दोन लिटर घ्यावा, आणि एकाच वेळी घ्यावा. मशीनवर रंग तयार होताना दोन खेपांत सूक्ष्म फरक पडू शकतो, म्हणून एक-एक लिटरचे दोन डबे आले तर ते मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत.

मॅट की चकाकी? चकाकणाऱ्या नारिंगीवर ट्यूबचे पांढरे प्रतिबिंब पडते आणि भिंतीचे उंचवटे दिसतात. साध्या मॅटवर हाताचे डाग बसतात. धुता येणारा मॅट थोडा महाग पडतो, तरी मी तोच घेईन.

प्रत्यक्ष रंग देताना

काम दसऱ्याच्या आसपास किंवा हिवाळ्यात काढावे. दिवाळीच्या आदल्या पंधरवड्यात पेंटर मिळत नाहीत आणि मिळाले तरी हात वाळू देत नाहीत. पावसाळ्यात भिंत वाळत नाही. एप्रिल-मेमध्ये ती इतकी तापलेली असते की रोलर फिरवता फिरवताच रंग सुकतो आणि पट्टे उमटतात, शिवाय वावटळीची धूळ ओल्या रंगावर बसते. उन्हाळ्यातच करावे लागले तर सकाळी लवकर सुरुवात करून अकराच्या आत हात पूर्ण करावा आणि ऊन येणारी खिडकी झाकून घ्यावी.

आधी छत, मग फिक्या भिंती, शेवटी नारिंगी. शहाबादी फरशीत रंग मुरतो आणि मग घासूनही जात नाही, म्हणून वर्तमानपत्रे न पसरता जुनी ताडपत्री किंवा जाड चादर अंथरावी.

दोन रंगांच्या सांध्यावरची रेघ सुरेख यावी यासाठी फिकी भिंत किमान एक दिवस वाळू द्यावी आणि कोपऱ्याला लागून फिक्या भिंतीवर मास्किंग टेप चिकटवून तिची कड नखाने दाबून घ्यावी. त्यानंतर टेपच्या कडेवर त्याच फिक्या रंगाचा पातळ ब्रश फिरवावा. टेपखाली जो काही रंग शिरायचा तो फिकाच शिरतो आणि फट बंद होते. त्यावर दिलेला नारिंगी मग आत जात नाही. शेवटचा हात किंचित ओला असतानाच टेप तिरपी ओढत काढावी. पूर्ण वाळल्यावर काढल्यास रंगाचे पापुद्रे तिच्याबरोबर निघतात.

कडा ब्रशने काढून लगेच रोलर घ्यावा, कडा सुकू देऊ नयेत. वरून खाली सलग पट्टे घ्यावेत, आणि पुढचा पट्टा मागच्याची ओली कड धरून चालवावा. अर्ध्या भिंतीवर थांबून चहाला जाऊ नये. त्या चहाची रेघ पुढे कायम दिसते. रंगात पाणी डब्यावर लिहिले आहे तेवढेच घालावे, कारण पुरवठ्यासाठी पातळ केलेला नारिंगी मुळीच झाकत नाही. दोन हातांमध्ये साधारण चार तास जाऊ द्यावेत. पहिला हात वाळल्यावर भिंत डागाळलेली, ढगाळ दिसेल. तेव्हा घाबरून शेड बदलायला दुकानात धावू नये. तिसऱ्या हातापर्यंत ती सपाट होते.

नंतरची देखभाल

पहिले तीन-चार आठवडे भिंत पाण्याने पुसू नये. पुढे डाग पडल्यास मऊ कपडा आणि सौम्य साबणाचे पाणी पुरे. जोर लावून घासल्यास मॅट रंगावर तेवढीच जागा चकाकू लागते. खिळा काढल्याने पडलेले भोक भरून वर ठिपकाभर रंग लावायचा असेल, तर तो पहिल्या वर्षात जुळतो, नंतर जुळत नाही; तेव्हा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात द्यावा लागतो.

उरलेला रंग अर्ध्या रिकाम्या डब्यात ठेवल्यास साय धरतो. तो काठोकाठ भरेल अशा लहान बरणीत ओतून, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवावा. शेडचा क्रमांक, कंपनी आणि महिना-वर्ष बरणीवर लिहावे, आणि बरणी कोणी तरी साफसफाईत फेकून देणारच हे गृहीत धरून तेच मीटरच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्कर पेनने लिहून ठेवावे.